गच्चीवरची चौथी शेगडी

प्रति,
मा. निवासी तपासणी अधिकारी,
घरे व भाडेकरू विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घर क्रमांक १४ मध्ये तीनऐवजी चार कुटुंबे राहत असल्याची नोंद तूर्त कायम न करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जावक क्रमांक ११७.
२) आपल्या निरीक्षकांची समक्ष भेट, गेल्या महिन्यातील दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, खाली सही करणारा अर्जदार हा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला अभिलेखपाल असून एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही. ही बाब प्रारंभीच नमूद करण्याचे कारण असे की, प्रस्तुत प्रकरणातला सर्व घोटाळा कागद नीट ठेवल्यामुळेच झालेला आहे.

१. अर्जदाराने गतवर्षी सदर घर खरेदी केले. घर अरुंद व उंच आहे. तळमजला, वर दोन मजले आणि गच्चीवर एक खोली. पहिल्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणारी बाई आपल्या आईसह राहते, दुसऱ्यावर निवृत्त बसचालक. दोन्ही भाडेकरू घरासोबतच आले. तळमजल्यावर आपण राहावे, वरच्या भाड्यांतून कर्जाचा हप्ता परस्पर जावा आणि उतारवयात कोणापुढे हात पसरावा लागू नये, असा अर्जदाराचा विचार होता. दलालाने तो कागदावर मांडून दाखवला तेव्हा अर्जदार हुरळून गेला. कागदावरचे गणित आजही बरोबर आहे.

२. तथापि हा व्यवहार अर्जदाराने पत्नीला ताकास तूर लागू न देता केला. उद्देश वाईट नव्हता. तिला चकित करावे असे मनात होते आणि त्या बाबतीत अर्जदारास पूर्ण यश आले. राहत्या दोन खोल्या एकट्या अर्जदाराच्या नावावर असल्याने त्या विकताना तिच्या सहीची गरज पडली नाही. खोल्या विकल्याचे आणि नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्याचे त्याने तिला एकाच वाक्यात सांगितले. जुन्या स्वयंपाकघरातली खिडकी तिने दोन दिवस गवंड्याच्या मागे उभे राहून हवी तशी करून घेतली होती, हे त्याला त्यानंतर आठवले.

३. सामान उतरल्यावर पत्नीने सर्व मजले पाहिले. शेवटी गच्चीवरची खोली पाहिली, जिथे आधीचा मालक रंगाचे डबे ठेवीत असे. मग खाली येऊन ती म्हणाली, "तुम्ही घर घेतलंत आणि मला कळवलंत. मी वरची खोली घेतली, तुम्हाला कळवते." ती औषधांच्या दुकानात नोकरीस असून तिचा पगार स्वतंत्र आहे. तिने बसचालकाकडून चालू भाव विचारून घेतला, शेगडी आणली आणि एक तारखेला भाडे अर्जदाराच्या टेबलावर ठेवून पावती मागितली.

४. येथे अर्जदाराने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दुसरा कोणीही नवरा असता तर त्याने पैसे परत केले असते, माफी मागितली असती, निदान कडाकडा भांडला तरी असता. अर्जदाराने पावती लिहिली. पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची नाही हे त्याच्या हाताला जमत नाही. अशा अकरा पावत्या अनुक्रमांक, तारीख व शिक्क्यानिशी देण्यात आल्या. दर महिन्याला ती पावती घ्यायला खाली येई आणि खुर्चीवर दोन मिनिटे बसे, हेही एक कारण होते. तेवढेच तिचे बसणे. म्हणून अर्जदार पावती सावकाश लिहीत असे.

५. आपल्या विभागात कुटुंबे माणसांवरून मोजत नाहीत, शेगड्यांवरून मोजतात, ही पद्धत अर्जदारास माहीत नव्हती. आपले निरीक्षक प्रत्येक मजल्यावर गेले आणि शेगडीजवळ हात धरून ती चालू असते की नुसती मांडलेली आहे, याची खात्री करत वर पोचले. चार शेगड्या आढळल्या, चारही गरम. गच्चीवर त्यांनी पत्नीस आपण कोण असे विचारले असता तिने भाडेकरू असे उत्तर दिले. पुरावा आहे काय, असे विचारताच अर्जदार स्वतः खाली धावत गेला व फाईल घेऊन आला. निरीक्षकांनी फाईलचे कौतुक केले. लपवण्यात अर्थ नाही, त्या क्षणी अर्जदारास बरे वाटले.

६. नोटिशीनुसार सदर घरास तीनच कुटुंबांची परवानगी आहे. चौथे ठेवायचे असल्यास बाहेरून लोखंडी जिना बसवावा, अन्यथा सर्वांत शेवटी आलेल्या भाडेकरूने साठ दिवसांत जागा रिकामी करावी. जिना बसवायला घराबाहेर हातभरही जागा नाही. सर्वांत शेवटी आलेली भाडेकरू म्हणजे अर्जदाराची पत्नी. नोटीस वाचून अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले. बसचालक स्वतः खाली आले व म्हणाले, "एक बिऱ्हाड जायचंच असेल तर मी जातो. वहिनींना कुठे धाडू नका." अर्जदार त्यांचा ऋणी आहे.

७. पतिपत्नी मिळून एकच कुटुंब असल्याचे पत्नीने लिहून दिल्यास नोटीस मागे घेता येईल, असे आपल्या कार्यालयातील लिपिकाने सुचवले. अर्जदार मसुदा घेऊन गच्चीवर गेला. तिने तो वाचला, त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि परत दिला. म्हणाली, "खोटं लिहून देणार नाही. आणि खरं काय आहे, ते तुम्हालाही ठाऊक नाही."

८. सबब गेल्या गुरुवारी अर्जदाराने तळमजल्यावरील स्वतःची शेगडी कारागिराकडून काढून घेतली आहे. आता घरात तीनच शेगड्या असून नियमाचे पालन झालेले आहे. फक्त घरमालकाचे कुटुंब कोणते, हा प्रश्न उरतो, कारण शेगडी नसलेल्या माणसासाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही. पहिले दोन दिवस अर्जदाराने पाव खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी पत्नीने जिन्यातून हाक मारली की ताट वाढले आहे, गार होईल.

९. तेव्हापासून अर्जदार दोन्ही वेळा गच्चीवर जेवतो. काल जेवताना त्याने धीर करून विचारले की, घराचे आधी सांगितले असते तर तू काय म्हणाली असतीस. ती म्हणाली, "हो म्हणाले असते." ती नाही म्हणेल या भीतीने त्याने सगळे लपवले होते. एकतीस वर्षे लोकांचे कागद सांभाळणाऱ्या माणसास आपल्या घरातले माणूस वाचता आले नाही, याची त्याला शरम वाटते.

तरी मेहेरबानांस विनंती की, सदर घरात कुटुंबे तीन आहेत की चार, याची नोंद आज करू नये. तीन महिन्यांची मुदत मिळावी व तोवर कोणासही जागा सोडण्यास सांगू नये. त्यानंतर निरीक्षकांनी अवश्य यावे. शेगड्या त्यांनाच मोजू द्याव्यात, फाईल यावेळी पुढे केली जाणार नाही.

मुदतीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, तळमजला, घर क्रमांक १४
दिनांक : ९

सोबत :
१) खरेदीखताची प्रत.
२) भाडेपावत्यांच्या स्थळप्रती, अकरा.
३) शेगडी काढल्याबद्दल कारागिराची पावती.
४) सही न झालेला मसुदा, दुरुस्तीसह.

शेरा (वेगळ्या शाईत) :
अर्ज पाठवण्यापूर्वी ह्यांनी वाचायला दिला. मजकूर बरोबर आहे. तीन महिने पुरायचे नाहीत, सहा द्यावेत. कुटुंब एक की दोन, ते आम्ही दोघं मिळून कळवू.
(सही) गच्ची, घर क्रमांक १४