पानावर सातच नावं

स्केल्बी, १४ ऑक्टोबर १९९९

प्रिय म्युरिएल,

खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं तुझ्या लेकीकडून कळलं. बरं वाटलं. तुझ्या मांजरीला रोज खाऊ घालते, ती मला रोज बोचकारते. नव्या पाद्रीबाबांनी कबरींमधलं गवत एकदाचं कापून घेतलं. आणखी काय लिहू?

तू नाहीस, म्हणून इतिहास मंडळाचं टपाल सध्या मीच उघडते. त्यात हल शहरातल्या डेनिस कॅल्डर नावाच्या माणसाचं पत्र होतं. 'तीन वर्षांपूर्वी तुम्ही कळवलंत, की स्केल्बीच्या बाप्तिस्म्यांत माझं नाव नाही. पण आई जाताना म्हणाली, तिथल्याच चर्चमध्ये झाला. वडिलांचं नाव तिनं कधीच सांगितलं नाही. पुन्हा एकदा बघाल का?'

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीची आपण पुस्तक म्हणून छापलेली नक्कल मी काढली. वीस वर्षं तू दप्तरखान्यात बसून मोठ्यानं वाचत आलीस आणि मी उतरवून घेत आले. नाव नव्हतंच. तसं कळवणार, तेवढ्यात त्याच्या जन्मतारखेजवळच्या पानावरच्या नोंदी सहज मोजल्या. बाप्तिस्म्याच्या वहीत पानाला आठ चौकटी असतात, हे आपल्याला झोपेतही ठाऊक. मार्च १९५८च्या पानावर आपल्याकडे सात.

मला हसू आलं. म्हटलं, म्युरिएलला डुलकी लागली असणार! बसनं दप्तरखान्यात गेले, मूळ वही मागितली. तिथली मुलगी म्हणते, "अहो पिंडरबाई, ही तर तुम्हाला तोंडपाठ असेल!"

पाचवी चौकट. डेनिस. आई एव्हिस कॅल्डर, तुझ्या आईकडे खोली घेऊन राहिलेली शिक्षिका. बाप रोलंड पिंडर.

माझा रोलंड. त्याच जूनमध्ये आमचं लग्न झालं.

आणि समासात, जुन्या पाद्रीबाबांच्या अक्षरात, बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारी धर्ममाता म्हणून तुझं माहेरचं नाव.

रोलंडशी भांडावं तर तो जाऊन सहा वर्षं झाली. पण तू? दर खेपेला मूल राहिलं नाही, की मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. तू चहा पुढे करायचीस. "अगं, दोष रोलंडचाही असेल," म्हणायचीस. कुठल्या तोंडानं म्हणायचीस गं ते? मी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले, स्वतःला वांझ म्हणवून घेतलं, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

वर मला स्वतःच्या पापात ओढलंस. पुस्तकाच्या शेवटी 'मूळ वहीशी ताडून पाहिले' असं छापून खाली आपल्या दोघींच्या सह्या. मी कुठं काय ताडलं? तुझा आवाज ऐकला आणि सही ठोकली. तुझ्यावर माझा तेवढा विश्वास होता.

काल डेनिसला फोन केला. आई-बापाची नावं वाचून दाखवली. तो म्हणाला, "बाई, मी ते पुस्तक ग्रंथालयात बघितलं होतं. दोघींनी ताडलंय म्हटल्यावर शोध सोडून दिला. आईच खोटं बोलली, असं धरून चाललो. तरी राहवेना, म्हणून पुन्हा लिहिलं."

मी त्याला सांगितलं, की त्यातली एक सही माझी आहे, आणि मी त्याच्या बापाची बायको. दुसरीबद्दल चकार शब्द काढला नाही. रविवारी तीन वाजता तो माझ्याकडे येतोय. लेकीला गाडी काढायला सांग आणि तूही ये. त्याची धर्ममाता कोण, ते मी सांगणार नाही. ते तूच सांग, त्याच्या तोंडाकडे बघून.

कालपर्यंत तुझी,
हेस्टर