म्हातारा मशीनशी भांडत नाहीये

१४ जुलै
बारीयासाहेब अखेर हो म्हणाले! विभागप्रमुखांची परवानगी, तीही मोजूनमापून — "शुक्रवारपर्यंत. मग माझ्या पद्धतीनं." ठीक!
न्यूमोनियानं म्हाताऱ्या रुदेसिंदोची फुप्फुसं भिजलेल्या लोकरीसारखी जड झालीत. व्हेंटिलेटरनं नेहमीच्या पद्धतीनं कितीही हवा ढकलली तरी ऑक्सिजन चढत नाही. मी वेगळा मोड लावला — फुप्फुसं बहुतेक वेळ फुगलेलीच ठेवायची, पापणी लवेल एवढाच वेळ दाब सोडायचा, की पुन्हा भरायची. त्यावर म्हाताऱ्यानं आपले आपण बारीक श्वास घ्यायचे. सगळी गंमत त्यातच आहे. इथं हा मोड कुणी वापरत नाही. नसू देत!

१५ जुलै
सकाळी येते तर म्हातारा पार गाढ. ऑक्सिजन कालच्याहून खाली! रात्रपाळीच्या नर्सनं, मार्लेनेनं, झोपेचं औषध वाढवलेलं. "मशीनशी भांडत होता हो, डॉक्टरीणबाई. बघवेना."
भांडत नव्हता, बाई! श्वास घेत होता! तेच तर हवं होतं! तिनं दयेपोटी केलं, कळतं मला. तरी ओरडलेच.

१६ जुलै
औषध उतरवलं. आकडे ढिम्म. बारीयासाहेब जाता जाता — "हट्ट पेशंटवर करू नये." जेवण गेलं नाही.
त्याची मुलगी एदिता पहाटेच्या बोटीनं बेटावरून आली. माझ्या हातात गरम मिल्काओ पाव ठेवले, बटाट्याचा वास खोलीभर. "बाबा जन्मभर मासेमारी करत आलेत. कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही पण ऐकू नका."
ऐकतेय कुठली!

१७ जुलै
चढतोय. चढतोय!!

१८ जुलै
संध्याकाळी मार्लेने नव्या नर्सला दटावत होती, "हलला की लगेच सुई उचलायची नाही. ते त्याचे श्वास आहेत." मला बघून गालात हसली. मी मशीनचा दाब आणखी उतरवला, श्वासाचं काम त्याच्यावरच सोडत. साहेब म्हणाले, "घशातली नळी काढायचं सोमवारी बघू. घाई नको." सोमवारी! मी वाद घातला. हरले.

१९ जुलै
म्हाताऱ्यानं स्वतःच नळी उपटली! धावत पोचले तर मार्लेने मास्क धरून उभी, साहेब नळी परत घालायच्या तयारीत. त्यानं साहेबांचा हात बाजूला सारला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे माझ्या घशात कोंबलं कुणी?"
"मी," म्हटलं. श्वास त्याचा तो घेत होता.