घरच्यांवर एक ओळ नाही

५ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे परवानगी देत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच घे. वहिनीचा खोकला थांबला का? इथे सगळं ठीक. फोन सोडून हिला पत्राचं काय खूळ लागलं, असं म्हणू नकोस. सांगते.

गावातल्या हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं तुझं मासिक बंद करतोयस, शेवटच्या अंकाची जुळवाजुळव चाललीय, हे काल वहिनीकडून कळलं. दिवसभर काही सुचेना. आपली बाहेरची खोली आठवत राहिली. जमिनीवर पानांच्या चळती, तू फेऱ्या मारत वाचणार, मी पानं लावणार आणि आई खटाखट पिना मारणार. मुखपृष्ठावर ठळक ‘फुकट’! मग सायकलवरून गठ्ठे पोचवायचे, सलूनमध्ये, चहाच्या दुकानात, गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. चहावाला म्हणायचा, "फुकट आहे म्हणून ठेवतो, वाचतो म्हणून नाही." अंकाला उशीर झाला की सगळ्यांत आधी तोच विचारायचा.

कुणाकुणाला छापलंस रे! ड्रम बडवणारा दातांचा डॉक्टर, गॅरेजमध्ये तालीम करणारी पोस्टातली टोळी, माउथ ऑर्गनवाल्या बाई. ज्यांना घरचेसुद्धा "आता पुरे" म्हणायचे, त्यांना तू मन लावून ऐकलंस. मला तुझा फार अभिमान वाटायचा. रागही तितकाच यायचा.

कारण तुझा तो नियम: घरच्यांवर एक ओळ नाही. आई एकदा पिना मारता मारता म्हणाली होती, "गावभरचे बेसुरे दिसतात तुला, घरातली सुरेल पोरगी नाही दिसत?" तू म्हणालास, "आई, उद्या लोक म्हणतील, घरचंच कौतुक चाललंय." तुझं बरोबर होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. आमच्या बँडच्या बातमीत गिटारवाला होता, ड्रमवाला होता, गाणारीचा पत्ताच नाही. वाचणाऱ्याला वाटावं, गाणं आपोआप झालं!

आणि तू यायचास मात्र प्रत्येक कार्यक्रमाला. मागे भिंतीशी उभा राहायचास. घरी आल्यावर "जेवलीस का?" एवढंच. मी कशी गायले, हे आजवर सांगितलेलं नाहीस.

आता फोनचं. डॉक्टरीणबाईंनी बोलणं कमी करायला सांगितलंय. घशात गाठ आहे. वाईट नाही म्हणतात, पण काढावी लागणार. नंतर बोलता येईल, गाता येईलच असं नाही. हे त्या सहज बोलल्या नाहीत, मीच खोदून विचारलं. तू घाबरू नकोस. मी घाबरलेय, तेवढं पुरे.

ऑपरेशनआधी एकदा गायची परवानगी भांडून मिळवलीय. येत्या रविवारी संध्याकाळी, इथल्या ग्रंथालयाच्या हॉलमध्ये. ये. पण भिंतीशी उभा राहायला येणार असशील तर येऊ नकोस. वही-पेन घेऊन पुढच्या रांगेत बस, आणि शेवटच्या अंकात जागा ठेव. बंद होणाऱ्या मासिकाला लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. आवाज फाटला तर फाटला म्हणून लिही. दातांच्या डॉक्टरला कुठे सोडलं होतंस? खोटं कौतुक केलंस तर मला पहिल्या ओळीत कळेल.

मी कशी गाते, ते मला तुझ्याकडून वाचायचंय, दादा. गाते आहे तोवर.

तुझी धाकटी बहीण
(छापताना हे खोडून ‘गायिका’ लिही.)