लपून आलेल्याला कोणी घेईना

४ मार्च
नर्सबाई, आधी तारीख. काल विसरलीस, आज टोकलं नसतं तर आजही विसरली असतीस. मला अक्षर येत नाही, पण तुझं पेन कधी थांबतं ते बरोब्बर कळतं. लिही: माझा लेक, जहाजावरचा कॅप्टन, उद्या रजेवर घरी येतोय. मला काही घाई नाही. त्याच्या पलंगावरची चादर बदलली ती धुळीमुळे.

५ मार्च
आला नाही. जहाज बंदराबाहेर उभं. दोरखंडांच्या खोलीत लपून बसलेला एक माणूस सापडला. त्याच्याकडे कागद नाहीत, बंदरवाले उतरवून घेत नाहीत. एका दिवसाचं काम. मी लक्ष घालते.

६ मार्च, सकाळ
फोनवर लेकाकडून कायदा समजून घेतला. समुद्री चाचा असेल, तर भर समुद्रात कुठल्याही देशाने पकडावा, आपल्या कोर्टात उभा करावा. नुसता लपून आलेला असेल, तर मारायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही, खाऊपिऊ घालायचं आणि त्याला घेणारा देश शोधत हिंडायचं. म्हणजे दरोडेखोराला दहा दारं उघडी, गरिबाला एक नाही!
उपाय सोपा. म्हटलं, त्याच्या हातात सुरी दे, फोटो काढ, चाचा म्हणून देऊन टाक. लेक म्हणाला, आई, मग आधी मलाच आत टाकतील. चाचे दुसऱ्या जहाजावरून येऊन लुटतात, हा बिचारा आमच्या दोरांवर झोपला होता. खूप हसला. म्हणजे पटलं असणार.

९ मार्च
चादर पुन्हा बदलली. धूळ फार. तो लपलेला आपल्या देशाचं नाव सांगत नाही म्हणे. सांगितलं तर घरी पाठवतील. घरी पाठवतील म्हणून रडणारा माणूस पहिल्यांदाच ऐकला. इथे घरी ये म्हणून... तेवढं खोड.

११ मार्च
शिपिंग ऑफिसात गेले, क्लार्कला खडसवायला. त्याने खुर्ची दिली. घाबरला. मग म्हणाला, आजी, अडकलाय तो लपलेला, कॅप्टन नव्हे. नवा कॅप्टन बॅग भरून इथे बसलाय, लाँच तयार आहे. तुमचा लेकच उतरायला नको म्हणतोय.
क्लार्कला काय कळतं!

संध्याकाळी
लेकाने फोनवर कबूल केलं. म्हणाला, नवा कॅप्टन कडक आहे. मी उतरलो तर या माणसाला जेवलास का म्हणून कोण विचारील?
मला कोण विचारतं, ते मी बोलले नाही. लाइन खराब होती.

१२ मार्च
जहाज उद्या पुढच्या बंदराला निघतंय, लेकासकट. मी वाट पाहतच नव्हते. शिपिंग ऑफिसची लाँच सकाळी जहाजावर सामान घेऊन जाते, तिच्यातून डबा पाठव. कोंबडी त्या लपलेल्याला. तिखट कमी घातलंय, लगेच खा म्हणावं. उकडलेली अंडी आणि केळीही त्यालाच. कॅप्टनसाहेबांना टोस्ट. कोरडे.