तू न दाखवलेला रिपोर्ट

माय, आज पहिल्या वर्षाच्या मुलांना क्रिएटिनिनची टेस्ट शिकवली. परीक्षानळीतलं पिवळं द्रावण हळूहळू नारिंगी होत जातं. जितकं गडद, तितकी किडनी थकलेली. पाठीमागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅम, किती गडद झालं म्हणजे उशीर झाला समजायचं?" पुस्तकात आहे तेवढं मी सांगितलं. मग उरलेला तास सहकाऱ्याच्या हवाली करून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रयोग मी कितीतरी वेळा शिकवला, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

याच डिपार्टमेंटमध्ये तू एकदाच आली होतीस, माझ्या ॲडमिशनच्या दिवशी. उधन्याच्या आपल्या गल्लीतून दोन बस बदलून. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, एवढी झाडं, तू पदर सावरत माझ्या मागे मागे चाललेली. दारात चपला काढल्यास आणि स्टुलावर बसलेल्या शिपायाला विचारलंस, "इधर डाक्टर बनाते ना, भाई?" तो हसला. म्हणाला, "ना बेन, डॉक्टरनी कॉलेज बीजी," डॉक्टरांचं कॉलेज वेगळं. मी तुझा दंड धरून तुला पुढे नेलं. परतताना बसमध्ये मी समजावलं की हे बायोकेमिस्ट्री आहे, रक्तात काय काय असतं त्याचा अभ्यास, यात औषध देत नाहीत. तू सगळं ऐकून घेतलंस आणि संध्याकाळी गल्लीत सांगितलंस, "मनी पोर रंगतनी डाक्टर व्हई ऱ्हायनी." रक्ताची डॉक्टर.

मग माणसं रिपोर्ट दाखवायला येऊ लागली. कुणाची शुगर, कुणाच्या छातीचा फोटो. तू दारात बसून साड्यांना स्टोन चिकटवायचीस, मांडीवर साडी, बाजूला गोंदाची वाटी, आणि येणाऱ्याला आत पाठवायचीस. तुला अक्षर येत नव्हतं. रेशनचं कार्ड, विजेचं बिल, गावाकडून आलेलं पत्र, घरातला प्रत्येक कागद मीच वाचायची. मग हा कागद का नाही वाचणार, असंच तुला वाटत असणार.

तो रविवार. दुपारची वेळ. आप्पा कापडाच्या लूमवर कामाला गेलेले. अमरावतीकडची शेजारची काकू नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन आली. "पाहून दे ना बाई, याच्यात काय लिवलं हाय." तू गोंदाची बोटं पुसत आत आलीस आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवलास. "इतलं देखी दे." मी कागद पाहिला आणि बाजूला सारला. म्हणाले, "मी डॉक्टर नाही, होणारही नाही. किती वेळा सांगायचं? यापुढे कुणाचेही रिपोर्ट माझ्याकडे आणायचे नाहीत. तुला काही समजत नाही आणि माझं हसं करतेस." अहिराणीत नाही बोलले. स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलले, काकूलाही शब्द न शब्द कळावा म्हणून. तू काकूला म्हणालीस, "तिन्हं डोकं दुखी ऱ्हायनं आज," आणि पुन्हा साडी मांडीवर घेतलीस.

खरी गोष्ट ही की त्या कागदातलं मला काहीच समजलं नव्हतं. पहिलंच वर्ष होतं. वर्गात इंग्रजी आणि गुजराती, मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली, निम्मं डोक्यावरून जायचं. "मला येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. ते तुझ्यासमोर म्हणता आलं नाही.

त्यानंतर तू एकही कागद आणला नाहीस. मी शिकत गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत रिपोर्ट वाचता येऊ लागले, एम.एस्सी.ला तर लॅबमध्ये स्वतः टेस्ट करत होते. एकदा तुझ्या पायांकडे लक्ष गेलं, घोट्याच्या वर बोट दाबलं की खड्डा पडत होता. "पाय कसाले सुजनात?" मी विचारलं. तू म्हणालीस, "बशी बशी सुजनात." तुला तर दिवसभर बसूनच काम. मला पटलं. जर्नल पुरं करायचं होतं.

मग एका सकाळी तू मोरीत पडलीस. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधीचे कागद मागितले. आप्पा घरी गेले आणि रेशन कार्डाच्या पिशवीतून एक रिपोर्ट घेऊन आले. सात महिन्यांपूर्वी गल्लीत तपासणीचं शिबिर झालं होतं, तिथला. क्रिएटिनिनच्या आकड्याखाली कुणीतरी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. मी ज्या पिशवीतून रेशन कार्ड काढायची, त्याच पिशवीत तो होता. मी तुझ्या खाटेशी येऊन विचारलं, "हा मला का नाही दाखवलास?" तू जराशी हसलीस. रागाने नाही, मी विसरले असेन असं वाटून आठवण करून दिल्यासारखं म्हणालीस, "तूच सांगेल व्हतं ना, रिपोर्ट लयू नको."

पाच आठवडे डायलिसिस चाललं. मशीनवर असताना तू मला नर्सबाईंकडे बोट करून म्हणायचीस, त्यांना सांग तू काय शिकतेस ते. मी सांगितलं नाही. सहाव्या आठवड्यात तू गेलीस. सात महिने आधी कळलं असतं तर वाचली असतीस का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला अंदाज होता, आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आता रविवारी बायका माझ्या घरी रिपोर्ट घेऊन येतात. मी आकडे समजावून सांगते, कुणाकडे जायचं ते सांगते, कधी सोबत जाते. याने काही फिटत नाही, मला माहीत आहे. हे पत्रही तुला कुणी वाचून दाखवणार नाही. वाचून दाखवणारी मीच होते.

मागच्या रविवारी धुळ्याकडची एक नवी बाई आली होती. कागद घडी करत तिने सहज विचारलं, "तुमनी माय कोठे ऱ्हास?" मी म्हणाले, घरीच असते. ती उठून चपला घालेपर्यंत मला वेळ होता. मी ते दुरुस्त केलं नाही.