बंबाच्या पाण्याची अट

वेस्ट मांबलम, चेन्नई
पोंगल होऊन चौथा दिवस

तीर्थस्वरूप सरोजिनीआत्येस,

जानेवारीतही पंख्याखाली बसलेल्या शार्दूलचा, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? "बरा आहे" हे उत्तर चालणार नाही. गणपतीत तू न्हाणीत घसरलीस, ते तू सांगितलं नाहीस, शेजारच्या कीर्तीने सांगितलं. तुझा बंब तांबटाकडे अडकल्यापासून तीच गॅसवर पाणी तापवून आणून देते आणि तू त्या पाण्याला रोज नावं ठेवतेस, हेही तिनेच सांगितलं. शहात्तराव्या वर्षी मिरजेत एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, म्हणून चार वर्षं तुझ्या विनवण्या करतोय. तुझं आपलं एकच, की गिझरच्या पाण्याने अंग भिजतं, आंघोळ होत नाही. जिथे बंबाचं पाणी तिथेच मी राहणार. तर आता ऐक. आमच्याकडे बंब आला आहे.

पहिल्या रविवारी मी तो आमच्या न्हाणीत मांडला आणि ऊब बाहेर जायला नको म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली (हसू नकोस). लाकडं ओली निघाली. वखारवाला सुकी म्हणाला होता, पण स्वतःच्या लाकडाला ओलं म्हणणारा वखारवाला अजून जन्माला यायचाय. पाच मिनिटांत मला माझेच हात दिसेनात. रुचिराने कॉलर धरून मला बाहेर ओढलं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सुनावलं, की बंद खोलीत विस्तव पेटवला तर माणूस पत्ता न लागता जातो, आणि विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही. (चिंता माझी की कागदांची, हे मी विचारलं नाही. संसार म्हटला की काही गोष्टी विचारू नयेत.)

पुढच्या खेपेला घरमालकीण विजयालक्ष्मी मामींच्या परवानगीने बंब मागच्या अंगणात, विहिरीपाशी गेला. लाकडं गच्चीवर मामींच्या तांदळाच्या पापडांशेजारी दहा दिवस वाळवली होती. बंब असा पेटला म्हणतेस! आता पुढचं सांगण्याआधी एवढं लक्षात घे, की गाड्यांच्या कारखान्यात इंजिन तापून बिघडू नये एवढ्यासाठीच मला पगार मिळतो. तुला पाठवायला फोटो काढत होतो, तेवढ्यात मामी कॉफी घेऊन आल्या, बंबात डोकावल्या आणि म्हणाल्या, "शार्दूल, तण्णी?" म्हणजे पाणी कुठाय? मी म्हटलं, आधी चांगला तापू दे, मग घालू. माझं वाक्य संपायच्या आत तोटी जोडणारा कथलाचा डाग वितळला आणि तोटी माझ्या पायाशी येऊन पडली. मी विहिरीवरची बादली उचलून धावलो, तर मामी "वेंडा! वेंडा!" म्हणून ओरडल्या. (म्हणजे नको. तापल्या तांब्यावर गार पाणी ओतायला निघालो होतो.) त्यांनी चिमट्याने लाकडं बाहेर ओढली, त्यांवर वाळू टाकली आणि कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

मग कळलं, की मामींच्या माहेरी कुंभकोणमला अस्साच बंब होता. इथे त्याला बॉयलर म्हणतात, एवढाच फरक. आणि तू चार वर्षं "मद्रासात बंब कोणाला ठाऊक" म्हणून मला गप्प करत होतीस! जॉर्ज टाउनच्या भांड्यांच्या गल्लीत एका कारागिराने डाग देऊन तोटी बसवून दिली. मामींचा कायदा आता असा, की आधी काठोकाठ पाणी, मग काडी. रॉकेल आणि प्लॅस्टिक आसपासही दिसायला नको. आणि राख दुसऱ्या दिवशी गार झाल्यावरच उचलायची. (मी त्याच दिवशी प्लॅस्टिकच्या बादलीत भरली. त्या बादलीला आता बूड नाही.)

रुचिराचा नमस्कार. आमचं इथे सगळं ठीक आहे. जे ठीक नाही ते खाली लिहितो.

तुझा,
शार्दूल

ता. क. – पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ. कीर्ती रजा टाकून सोबत येते आहे. अट तू घातलीस, मी पुरी केली. आता शब्द फिरवायचा नाही.

ता. क. दुसरा – त्या तांबटाला फोन करणं थांबव. बिचाऱ्याने तुझा बंब पाहिलेलाही नाही. दिवाळीत दुरुस्तीला म्हणून नेला तो मी थेट स्टेशनवर. रात्रभर तो माझ्या बर्थवर आडवा होता आणि मी पायथ्याशी अंग चोरून बसलो. तोटी पडली ती तुझ्याच बंबाची. रागवायचं तर इथे येऊन रागाव. तू तिथे एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही गं, आणि सरळ मार्गाने तू येणारी नव्हेस.

ता. क. तिसरा – बंबावर कोरलेलं "चि. सौ. कां. सरोजिनी हिस आईबाबांकडून" हे मामींनी माझ्याकडून वाचून घेतलं. तेव्हापासून त्या मला बंब पेटवू देत नाहीत. रोज सकाळी स्वतः पाणी भरतात, लाकडं रचतात, आणि काडी न लावताच मला विचारतात, "सरोजिनी मामी एप्पो वरुवा?" म्हणजे, कधी येणार?