दोरीवरचा निळा टॉवेल

१२ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या ताईची मुलगी. वय सत्तावीस, काम दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं. पत्ता कुठून मिळाला म्हणाल, तर आईच्या जुन्या कोटाला आतून तुमच्या शिवणाच्या दुकानाची पट्टी आहे, तिच्यावरून. दुकान अजून तिथेच आहे की नाही, देव जाणे. मी आपली अंधारात दगड मारते आहे.

गेल्या आठवड्यात आईचं कपाट रंगवायला काढलं, तर तळाशी पांघरुणांखाली कागदात गुंडाळलेली एक रेकॉर्ड सापडली. आमच्या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. आई तर रेडिओवर गाणं लागलं की बातम्या किती वाजता आहेत ते विचारते. आणि रेकॉर्ड कसली, तर रॉक बँडची! अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा न फोडलेली. कव्हरवर बँडवाल्यांचा फोटो नाही. नुसती एक कपडे वाळत घातलेली दोरी आणि मागे विटांची भिंत.

मला चैन पडेना. नेटवर शोधलं, तर या एका कव्हरासाठी चाहत्यांचा अख्खा गट आहे. गायकाला कोणीतरी मुलाखतीत विचारलं होतं, की यात काही निरोप लपवलाय का, आणि तो हसून म्हणाला होता की आहे, शोधा. तेव्हापासून बिचारे शोधताहेत. दोरीवर चिमटे नऊच का? एकच मोजा आहे, म्हणजे ड्रमवाला बँड सोडणार हे आधीच ठरलं होतं का? चादरीवरचा डाग हा कुठल्या बेटाचा नकाशा? मीही रोज घरी आल्यावर भिंग घेऊन बसते. एक्स-रेतली बारीक चीर मला दिसते, पण हे कोडं काही सुटत नाही.

शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली की ही आमच्या जुन्या घरची दोरी आहे, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते मी तेव्हाच वाचलंय. एवढं बोलून तिने रेकॉर्ड माझ्या हातातून काढून घेतली. मग स्वयंपाकघरात रात्रीपर्यंत झाकणं आपटत होती.

तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी असून एकमेकींचं तोंड पाहत नाही, एवढं मला माहीत आहे. का, ते मला कोणी सांगत नाही. मला एकुलती एक मावशी आहे आणि ती कशी दिसते हे मला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून विचारते, त्या दोरीवर काय लिहिलं आहे? आई झोपली असताना काढलेली झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आगाऊपणा वाटला तर रागवा, पण उत्तर द्या. ओळख नसताना लोभ मागते आहे, तरी असावा.

आपली,
भाची


दुकानातून,
२० जून

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा दगड बरोबर लागला. दुकान तिथेच आहे आणि मीही. मात्र मावशीला कुणी अहो-जाहो करतं का ग? पुन्हा ‘तुम्ही’ दिसलं तर पत्र न फोडता परत पाठवीन. अक्षर अगदी तुझ्या आईचं आहे, सरळ रेषेत सुरू होतं आणि शेवटी डोंगर चढतं. पाकिटावर ते बघून मला क्षणभर वाटलं की तिचंच पत्र आलं.

तुझ्या त्या शोधकर्त्यांना माझा नमस्कार सांग. चिमटे नऊ, कारण दहावा माझ्या पायाखाली मोडला. एका मोज्याचा जोडीदार शेजारच्या कुत्र्याने पळवला, त्यात ड्रमवाल्याचा काही हात नाही. आणि ते बेट म्हणजे तुझ्या आजोबांनी अंथरुणात सांडलेला चहा. वाचताना मला इतकं हसू आलं, की तोंडात धरलेल्या टाचण्या गिऱ्हाइकाच्या पायघोळ झग्यावर सांडल्या.

तो दिवस मला चांगला आठवतो. रविवार होता. मागच्या गल्लीत चार पोरं आणि एक फोटोवाला आला. एकाचे केस माझ्यापेक्षा लांब होते. फोटो काढू का म्हणून विचारलं, मी म्हटलं काढा, कपड्यांचाच तर काढताय. बाबा खिडकीतून ओरडले की फोटो नंतर, आधी केस कापून या. फोटोचं पुढे काय झालं ते मला आजवर माहीत नव्हतं.

आता दोरीचं. ती दोरी म्हणजे आम्हां बहिणींचं तारऑफिस होतं. ताई संध्याकाळच्या क्लासहून उशिरा यायची आणि बाबांचा राग म्हणजे उकळतं पाणी. मग मी खूण ठेवायची. गल्लीतून बघताना निळा टॉवेल दोरीच्या डाव्या टोकाला असला तर ये, उजव्या टोकाला असला तर येऊ नकोस. पुढे तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि बाबांनी तिला पुढचं दार बंद केलं. जाताना ती मला म्हणाली की त्यांचा राग उतरेल त्या दिवशी टॉवेल डावीकडे लाव, मी गल्लीतून बघत जाईन. दोन वर्षं टॉवेल उजवीकडेच राहिला. त्या रविवारी मात्र बाबांनी चहा पिता पिता आपणहून विचारलं, की मोठीचं काही कळलं का. मी तशीच उठले. टॉवेल वाळून घडीत गेला होता, तो पुन्हा भिजवला आणि डावीकडे लावला. तासाभरात ती फोटोवाली पोरं आली.

तोवर तुझ्या बाबांची बदली झाली होती, ते मला कुठे माहीत! पत्र टाकलं, ते पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. तरी वर्षभर टॉवेल मी डावीकडेच लावत होते. वर्ष सरलं आणि बाबा गेले. तिला कळलं नसेल, असं म्हणून इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले.

आणि आता तू लिहितेस की तिने तेव्हाच वाचलं होतं. वाचलं, आणि तरी आली नाही? मला फार राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. तिला सांग, धाकटी आधी लिहिणार नाही. निरोप मी दिला होता, उत्तर तिने द्यायचं.

तू मात्र लिहीत जा. तुझ्यावर कसला राग? लोभ तर पाकीट फोडल्यापासूनच जडला आहे.

तुझी,
मावशी

ता. क. तुझी झेरॉक्स काळी-पांढरी, तिच्यात निळं-हिरवं काही कळत नाही. पण छापणाऱ्यांनी कमालच केली आहे. बाबांच्या शर्टाचा खिसा चुकीच्या बाजूला! आमच्या दुकानातून उजव्या खिशाचा शर्ट कधी गेला नाही आणि मी असेपर्यंत जाणार नाही.


दवाखान्यातून,
२७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि ता. क.पाशी घास तोंडातच राहिला.

आमच्याकडे प्रत्येक एक्स-रेवर डावं की उजवं ते सांगणारं शिशाचं अक्षर ठेवावं लागतं. नाहीतर कोणी फिल्म उलटी धरायचा आणि दुखणारा गुडघा सोडून धडधाकट गुडघ्यावर उपचार व्हायचे. नव्या मुलींना हे मी दर महिन्याला घोकून शिकवते. आणि तीच मी, इतके दिवस त्या कव्हरावर भिंग घेऊन वाकले होते, तरी मला दिसलं नाही. तुला एका खिशावरून दिसलं, आणि दिसलं हे तुला कळलंही नाही. मावशी, खिसा चुकलेला नाही. अख्खा फोटोच उलटा छापला आहे.

कव्हरावर निळा टॉवेल उजव्या टोकाला आहे ग.

गटात एक म्हातारे आजोबा आहेत, ते त्या वेळी कव्हरं छापायच्या कामावर होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले की त्यात गुपित काही नाही, फोटोत मोकळी भिंत एका बाजूला होती आणि बँडचं नाव त्यांना दुसऱ्या बाजूला हवं होतं, म्हणून फोटो फिरवला. दोरीच तर आहे, कोणाला काय कळणार, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. गटात कोणी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, कारण त्यात मजा नव्हती.

घरी गेले ती सरळ कपाटाशी. रेकॉर्ड काढली, आरशासमोर धरली आणि आईला हाक मारली. ती आधी वैतागली, की तुला दुसरे उद्योग नाहीत का. मी तिला एवढंच म्हटलं की आजोबांच्या शर्टाचा खिसा शोध. तिने चष्मा लावला. कव्हरावर बघितलं, आरशात बघितलं, पुन्हा कव्हरावर बघितलं. मग आरशातल्या खिशावर बोट ठेवलं आणि ते बोट दोरीवरून सरकत सरकत टॉवेलापर्यंत नेलं. तिथे ते थांबलं ते हलेना. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. आजोबांनी चहा पिताना काय विचारलं, ते तिने तीनदा वाचायला लावलं. आईला रडताना मी आजवर पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

मग तिने कागद मागितला. काल चार फाडले, आज सकाळी पाचवा चालू होता. गटाला हे सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा. माझ्या पोटात फार दिवस राहणार नाही.

मायेत आता माझाही वाटा धर.

तुझी,
भाची


२९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहिता लिहिता सात कागद फाडले. तू म्हणालीस की आधी लिहिणार नाहीस. बरोबर आहे तुझं. मोठी मी आहे आणि चूकही माझी मोठी आहे.

ऐक. बदलीच्या गावी आम्हांला वर्ष झालं होतं आणि ही पोर पोटात होती. त्या दिवसांत मला घराची फार आठवण यायची. एकदा येऊन गल्लीतून दोरी बघून जावं, असं मनात घेतलं होतं, सामानही भरलं होतं. त्याच आठवड्यात बाजारात एका दुकानाच्या काचेत मला आपली दोरी दिसली. एक नव्हे, तीसेक कव्हरं ओळीने लावलेली. बाबांचा शर्ट, चहाच्या डागाची चादर, मी तुला वाढदिवसाला दिलेला मोजा. आणि तीसच्या तीस टॉवेल उजवीकडे. येऊ नकोस, येऊ नकोस, येऊ नकोस. मी तिथे उभी राहून मोजलं आणि घरी येऊन सामान सोडलं.

खिसा मला दिसलाच नाही ग. शिंप्याची मुलगी मी, बाबांच्या हाताखाली सात वर्षं काजं केली, आणि मला खिसा दिसला नाही. मी फक्त टॉवेल बघितला. बाबा गेल्याचं महिन्याने कानावर आलं. तेव्हाही वाटलं, की तुझीच इच्छा नाही, तर कोणत्या तोंडाने येऊ?

रेकॉर्ड विकत का घेतली, असं पोर विचारते. येऊ नकोस म्हणणारं का असेना, माहेरून आलेलं माझ्याजवळ तेवढं एकच पत्र होतं. वाजवायला थोडीच घेतली होती! वर्षातून एकदा काढून बघायची आणि तुझ्यावर रागवायची. तू तिथे वर्षभर रोज टॉवेल भिजवत होतीस आणि मी इथे तुझ्या नावाने बोटं मोडत होते. बाबांनी विचारलं होतं, हे मला आता कळतंय. त्याचं काय करायचं, ते एकटीने मला जमणार नाही.

पोरीला म्हटलं, गटाला काही सांगू नकोस. शोधू देत त्यांना. बेटाचा नकाशा आहे म्हणतात ना, बाबांना ऐकून आवडलं असतं.

येत्या रविवारी दुपारी येते आहे. पोरही येईल, तिला थांबवणं माझ्या हातात नाही. रेकॉर्ड बरोबर आणते, वाजवायचं यंत्र कोणाकडे मिळालं तर आणून ठेव. त्या पोरांनी त्यात गायलंय तरी काय, ते एकदा दोघी मिळून ऐकू.

लोभ आपला होताच, आपण तो उगाच घडी घालून ठेवला. आता उलगडू. आणि हो, टॉवेल तू डावीकडे लाव, उजवीकडे लाव, नाहीतर लावूच नकोस. मी गल्लीतून येणारच नाही. पुढच्या दाराशी येईन आणि तू उघडेपर्यंत वाजवत राहीन.

तुझी,
ताई